पत्ता संपतो तिथे

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
प्रोग्राम पुन्हा मेला,
काल मेला होता त्याच ओळीवर.
अक्कलकोट रोड एमआयडीसी, शेड नंबर सतरा.
भिंती अजून दुपारच्याच,
कूलर कोरडा, कारण नळ परवा,
आणि पडद्यावर एक वाक्य, सरकारी पत्रासारखं:
मेमरी उपलब्ध नाही.

बसवराज शेठ संध्याकाळी स्वतः नव्या पेठेत जाऊन
रॅमच्या दोन पट्ट्या घेऊन आले होते,
सुपारीच्या पुडीसारख्या खिशातून काढल्या.
"घाल गं श्रीलता. पंधरा तारखेला कंटेनर आहे."
घातल्या.
मशीनने मोजल्या, आठ म्हणाली.
प्रोग्राम तरी दोनाच्या अलीकडेच मेला.

शेठना कसं सांगू?
जागा आहे हो, हवी तेवढी आहे.
तिला हाक मारायला नंबर उरला नाही.
बत्तीस खान्यांचा पत्ता,
खान्यात एक, नाहीतर शून्य,
मांडून मांडून घरं होतात
चारशे एकोणतीस कोटी, वर काही लाख.
ऐकायला केवढी!
त्यातली वरची अर्धी आळी सिस्टिमने स्वतःला ठेवली,
तिथे आपण पाऊल टाकायचं नाही.
खालच्या अर्ध्यात जुने भाडेकरू
मधल्या मधल्या खोल्या अडवून बसलेले,
सलग ओसरी म्हणून मिळत नाही.
आणि पलीकडे नवी मेमरी पसरलेली,
गड्डा उठल्यावरच्या होम मैदानासारखी मोकळी,
जिथलं पत्र पोस्टमनला लावताच येत नाही.

चौसष्ट खान्यांची आवृत्ती निघणार होती म्हणे.
त्याआधी ती इटलीतली कंपनीच उठली.

डिझाइन म्हणजे भिंतीवर लावायचं कापड:
चिंचेचं एक झाड,
दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी हूक रुंद,
अठरा हजार पिक उंच,
पान न पान वेगळं, रिपीट कुठेच नाही.
प्रोग्रामला सगळं झाड एकदम डोक्यात हवं.
मुळापासून चढतो,
शेंड्याजवळ पोचता पोचता जातो.

नरसय्या येलदी तेलाची बुधली घेऊन आत आले.
तीस वर्षं अशोक चौकात कार्डं टोचलेला माणूस,
आता रात्रपाळीत मागांना तेल घालतो.
"मळ्ळी?" म्हणाले. पुन्हा?
मी हातवारे करत आळी, पोस्टमन, मैदान सगळं सांगितलं.
त्यांनी ऐकून घेतलं, बोटं पुसली.
"आमच्या मागाला सहाशे हूक.
झाड मोठं आलं तर काय आम्ही माग मोठा करायचो?
कार्डांची एक माळ चढवायची, विणायची,
उतरवून दोरीनं बांधायची, दुसरी चढवायची.
आख्खं झाड मागावर कुणी चढवलंय का पोरी?
मागाला एका टायमाला एकच ओळ कळते.
त्याच्या पुढचं त्याला काय करायचंय."

मग मी झाड कापलं.
नऊ पट्टे. एक उघडायचा, आठ डिस्कवर निजवायचे,
काम झालं की झाकायचा, पुढचा उठवायचा.
डिस्क रात्रभर खरडत होती,
आलेख दीडाच्या वर एकदाही गेला नाही.
पाच चाळीसला शेवटचं पान उतरलं.
पहिल्या पाळीच्या बायका डबे घेऊन आत येत होत्या,
कुणीतरी विचारलं, "झोपली नाहीस?"
मला शेंगाचटणीचा वास आला आणि एकदम भूक लागली.

कापड गुरुवारी मागावरून उतरलं.
शेठनी फोटो काढले, पेढे मागवले.
नरसय्यांनी डोळे मिटून
खालपासून वरपर्यंत अंगठा फिरवला,
पाचव्या आणि सहाव्या पट्ट्याच्या मध्ये थांबले.
"इथं."
मी वाकून पाहिलं.
एक पान अर्धा धागा डावीकडे.
"बोलू नको कुणाला," म्हणाले,
"जर्मनीला अंगठा नसतो."

त्या दोन पट्ट्या मी काढल्या नाहीत.
आहेत मशीनमध्येच,
वीज खातात, मोजल्या जातात,
आणि त्यांच्यावर अजून
कुणी काही लिहिलेलं नाही.